मदरबोर्डवरच्या पंख्याचा आवाज डब्यावर छापा

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय मानक ब्यूरो,
मानक भवन, बहादूरशाह जफर मार्ग,
नवी दिल्ली

विषय : संगणकाच्या सुट्या भागांच्या, विशेषतः मदरबोर्डवरील पंख्याच्या, आवाजाची जाहीर नोंद

महोदय,



घरातल्या फ्रिजने किती आवाज करावा याला आपल्या देशात कायद्याने मर्यादा घातलेली आहे. पर्यावरण (संरक्षण) नियमांच्या सहाव्या परिशिष्टात त्याचा तक्ता सापडतो. कारखान्यातून बाहेर पडताना फ्रिज ४६ डेसिबल, एअर कूलर ६० आणि एक ते दीड टनाचा खिडकीतला एसी ६८ डेसिबलच्या आत असावा, असे तो तक्ता सांगतो. त्याच यादीत काँक्रीट मिक्सर आहे, क्रेनही आहे. संगणक मात्र नाही. यात यादी करणाऱ्यांना दोष देता येत नाही. तेव्हा संगणक घराघरांत पोचलेला नव्हता. आज फ्रिज स्वयंपाकघरात असतो आणि संगणक कानापासून हातभर अंतरावर. दिवसाचे आठ-दहा तास माणूस त्याच्या शेजारी बसतो.

संगणकालाही अशीच मर्यादा घाला, अशी मागणी करायला मी हे पत्र लिहीत नाही. मर्यादा ठरवणे हा पर्यावरण मंत्रालयाचा विषय आहे, आणि संगणकाच्या बाबतीत सरसकट मर्यादा शहाणपणाची ठरेल असेही मला वाटत नाही. माझे मागणे त्याहून पुष्कळ लहान आहे. संगणकाचा जो भाग आवाज करतो त्याने तो किती करतो हे डब्यावर लिहावे, आणि ते कसे मोजायचे हे आपण ठरवून द्यावे. उदाहरण म्हणून मी मदरबोर्डवरचा ४० मिलिमीटरचा पंखा निवडला आहे. कारण संगणकात आज हा एकच पंखा असा उरला आहे, की जो गिऱ्हाइकाला निवडता येत नाही, बदलता येत नाही आणि विकत घेण्याआधी बहुधा दिसतही नाही.

मी नागपूरला राहतो. घरच्या खोलीत मराठी पुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित करतो. ऐकणाऱ्यांत दृष्टिहीन वाचक पुष्कळ आहेत. चांगला मायक्रोफोन खोलीतले सगळे ऐकतो. कानाला सवय झालेला आवाजही तो सोडत नाही. म्हणून शांत संगणक ही माझी हौस नाही, कामाची गरज आहे. अशी गरज असणारे लोक भाग सुटे घेऊन संगणक असेंबल करतात, आणि प्रत्येक भाग घेताना त्याच्या आवाजाची चौकशी करतात.

ही चौकशी आता बरीच सोपी झाली आहे. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, तिच्यात फिरणारे काही नाही. वीज पुरवणारा एसएमपीएस असा मिळतो की भार कमी असताना त्याचा पंखा थांबलेलाच राहतो. ग्राफिक्स कार्डांतही तशी सोय आली आहे. प्रोसेसरवर १२० मिलिमीटरचा पंखा लावलेला मोठा हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा, बसवता येतो. कॅबिनेटचे पंखे हवे त्या कंपनीचे घेता येतात, आणि त्यांच्या डब्यावर फेरे, हवेचे प्रमाण आणि डेसिबल असे तिन्ही आकडे छापलेले असतात. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचा १२० मिलिमीटरचा एक नावाजलेला पंखा घ्या : मिनिटाला २,००० फेरे, तासाला सुमारे १०२ घनमीटर हवा, २२.६ डेसिबल. हे आकडे वाचून गिऱ्हाईक ठरवते.

आता मदरबोर्डचा डबा हातात घ्या. किती यूएसबी, रॅमचा वेग किती, कोणत्या रंगाचे दिवे कुठे लागतात, हे सगळे ठळक अक्षरांत असते. बोर्डाच्या खालच्या अर्ध्या भागात, ग्राफिक्स कार्डाच्या सावलीत, नक्षीदार झाकणाखाली पंखा आहे की नाही, हे चित्रावर डोळे रोखून शोधावे लागते. तो किती फेरे फिरतो, केव्हा सुरू होतो, किती वाजतो, याची एक ओळही नसते. इथल्या सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराला मी विचारले. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "भाऊ, फॅनचा आवाज कोणी विचारतच नाही जी." त्याचे खरे होते. जे कुठे लिहिलेलेच नाही ते विचारायचे असते, हेही पुष्कळांना सुचत नाही.

हा पंखा आला कुठून, ते थोडे सांगायला हवे, कारण माझ्या मागणीचे कारण त्या इतिहासात आहे.

२००० सालाच्या आसपास मदरबोर्डवर दोन मोठ्या मदतनीस चिप असत; त्यांना मिळून चिपसेट म्हणत. त्यांतली नॉर्थब्रिज नावाची चिप प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातली सगळी ये-जा सांभाळी. वेग वाढत गेला तशी ती तापू लागली, आणि निर्मात्यांनी तिच्यावर ४० मिलिमीटरचे स्वस्त पंखे बसवले. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ काढला, तेव्हा रॅम सांभाळण्याचे काम प्रोसेसरमध्येच गेले. तरी पंखा गेला नाही. एनव्हिडियाच्या एनफोर्स४ चिपसेटचे अनेक बोर्ड २००५ च्या सुमारास त्यांच्या किरकिऱ्या पंख्यांसाठीच ओळखले जात. काही बोर्डांवर चिप नेमकी ग्राफिक्स कार्डाच्या खाली येई. उंच हीटसिंक बसायला जागा नसे, म्हणून बसका आणि वेगाने फिरणारा पंखा लावणे भाग पडे. त्याच चिपसेटवर काही निर्मात्यांनी तांब्याच्या हीटपाइपने उष्णता दुसरीकडे नेऊन पंखा पार काढून टाकला होता. ज्यांच्या बोर्डावर ही सोय नव्हती ते कोरियाच्या झालमन कंपनीचा निळा, बिनपंख्याचा हीटसिंक आणून स्वतः चिकटवत.

पुढे इंटेलनेही ही कामे प्रोसेसरमध्ये हलवली. मदरबोर्डवर एकच, थंड स्वभावाची चिप उरली आणि जवळजवळ दहा वर्षे घरगुती बोर्डांवरचा हा पंखा बहुतेक दिसेनासा झाला. मग २०१९ च्या जुलैमध्ये एएमडीचा एक्स५७० चिपसेट आला. पीसीआय एक्सप्रेस ४.० चा दुप्पट वेग त्याने घरगुती संगणकात पहिल्यांदा आणला. चिपची उष्णता सुमारे ११ वॅट झाली, आधीच्या पिढीच्या जवळजवळ दुप्पट. त्याबरोबर पंखा परतला, आणि एखाद-दुसऱ्या बोर्डावर नव्हे, जवळजवळ सगळ्यांवर. बिनपंख्याचा ठळक अपवाद होता गिगाबाइटचा एक्स५७० ऑरस एक्स्ट्रीम. बोर्डभर पसरलेला हीटसिंक त्याने वापरला होता, आणि किमतीने तो त्या मालिकेच्या अगदी वरच्या टोकाला होता.

दोनच वर्षांत, २०२१ मध्ये, त्याच चिपसेटचे नवे बोर्ड एक्स५७०एस या नावाने आले. चिप मूळचीच होती. हीटसिंक मोठे आणि कामाचे झाले, पंखा गेला. २०२० चा बी५५० हा धाकटा चिपसेट तर पहिल्यापासून बिनपंख्याचाच होता. म्हणजे ११ वॅट उष्णता पंख्याविना काढता येते, हे निर्मात्यांनी स्वतःच दाखवून दिले. पहिल्या दोन वर्षांत ज्यांनी बोर्ड घेतले त्यांच्या वाट्याला पंखा आला, कारण दिव्यांच्या आणि नक्षीच्या झाकणाखाली हीटसिंकला पुरेशी जागा मिळाली नाही आणि पंखा बसवणे स्वस्त पडले. गिऱ्हाईक आवाजाचा आकडा पाहून बोर्ड निवडू शकत असते, तर ही जागा पहिल्याच वर्षी निघाली असती, असे मला वाटते.

तेव्हापासूनच्या बोर्डांवर चिपसेटचा पंखा पुन्हा कमी झाला आहे. पण धोका टळलेला नाही, त्याने जागा बदलली आहे. छोट्या, मिनी-आयटीएक्स आकाराच्या बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाच्या झाकणात चिमुकले पंखे लपवलेले असतात. वेगवान एसएसडीवर बसवायचे इवलेसे पंखे निघाले आहेत. जिथे वेग वाढतो आणि जागा वाढत नाही, तिथे हा पंखा पुन्हा येणार.

एवढासा पंखा इतका खुपतो का, याचे उत्तर त्याच्या लहानपणातच आहे. ४० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या नवव्या भागाएवढे. त्यातला बराच भाग मधल्या मोटरने अडवलेला. उरलेल्या कडेच्या पात्यांनी हवा ढकलायची, तर वेगाने फिरण्यावाचून इलाज नाही. मोठा पंखा मिनिटाला ८०० फेऱ्यांत जे काम सहज करतो, त्याचा छोटा हिस्सा करायलाही याला चार-पाच हजार फेरे लागतात. पंख्यांच्या शास्त्रातला ढोबळ नियम असा की वेग निम्मा केला तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो, आणि दुप्पट केला तर तितकाच चढतो.

आवाज किती हा एक भाग, तो कोणत्या पट्टीत हा दुसरा. पाती हवा कापतात तेव्हा पात्यांची संख्या आणि दर सेकंदाचे फेरे यांच्या गुणाकाराइतका सूर निघतो. नऊ पात्यांचा मोठा पंखा मिनिटाला ८०० फेरे फिरला तर तो सूर १२० हर्ट्झचा, म्हणजे खर्जातली घुमघुम. सात पात्यांचा छोटा पंखा ४,८०० फेरे फिरला तर सूर ५६० हर्ट्झचा, आणि त्याचे वरचे स्वरांश हजार-दोन हजारांत जातात. माणसाच्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. आवाज मोजणाऱ्या यंत्रांत त्यासाठी जी सुधारणा करतात, ती १२५ हर्ट्झला सुमारे १६ डेसिबल वजा करते आणि ५०० हर्ट्झला जेमतेम ३. म्हणून मोठा पंखा खोलीच्या शांततेत मिसळून जातो आणि छोटा पंखा रात्री कानाशी आलेल्या डासासारखा वेगळा ओळखू येतो.

त्यात भर पडते ती चढउताराची. चिप दोन अंशांनी तापली की पंखा वेग घेतो, निवली की सोडतो. एकसारख्या आवाजाकडे मन दुर्लक्ष करू शकते. दर मिनिटाला सूर बदलणाऱ्या आवाजाकडे नाही. आणि काळ लोटला की तिसरी गोष्ट घडते. स्वस्त पंख्यात आस साध्या बुशमध्ये तेलावर फिरतो. गरम चिपशी पाठ टेकून बसलेल्या पंख्याचे तेल लवकर सुकते, पात्यांवर धूळ बसते, समतोल जातो आणि भुणभुणीची खडखड होते.

आता नागपूरकडे येतो, कारण इथे हा प्रश्न दिल्ली-तैपेईच्या वातानुकूलित प्रयोगशाळेतून दिसतो त्याहून वेगळा आहे. बिनपंख्याच्या हीटसिंकचे गणित साधे असते. समजा, हीटसिंक दर वॅटमागे ४ अंश तापतो. ११ वॅटला तो भोवतालच्या हवेपेक्षा ४४ अंश वर जाईल. खोलीत २५ अंश आणि कॅबिनेटच्या आत ३० असेल तर चिपची पाठ ७४ अंशांवर राहील, चालण्यासारखे आहे. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते आणि बंद खोलीत ४० सहज. कॅबिनेटच्या आत ४५ धरले तर तीच पाठ ८९ वर जाते. शेजारचे ग्राफिक्स कार्ड त्यात आपली गरम हवा सोडते, ती वेगळीच. जो पंखा तैवानमध्ये 'बहुतेक वेळ बंद' असतो तो विदर्भात बहुतेक वेळ चालू असतो.

कुणी म्हणेल, मे महिन्यात घरात कूलर धडधडत असताना संगणकाचा पंखा ऐकू तरी येईल का? नाही येणार. पण कूलर चालू ठेवून ध्वनिमुद्रण करता येत नाही. म्हणून तो बंद करायचा. कूलर बंद केला की दहा-पंधरा मिनिटांत खोली तापते, खोली तापली की मदरबोर्डचा पंखा चढतो, आणि ज्या शांततेसाठी कूलर बंद केला तीच जाते. उन्हाळ्यात ही फरफट रोजची. आणि कूलर वर्षाचे बारा महिने चालत नाही, संगणक चालतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. हौशी लोकांना ते ठाऊक आहेत. बोर्डाच्या बायोसमध्ये पंख्याचा आलेख असतो. तो 'सायलेंट'वर ठेवावा, वेग घेण्यापूर्वी थोडा वेळ थांबायची सोय असेल तर ती वाढवावी. मोठा १२० मिलिमीटरचा पंखा ७००-८०० फेऱ्यांवर चिपच्या दिशेने हवा जाईल असा कॅबिनेटच्या तळाशी लावावा. छोट्याला मग क्वचितच चालावे लागते. हीटसिंक काढून त्याखालची थर्मल पॅड किंवा पेस्ट नवी करावी. पण शेवटच्या उपायाने वॉरंटी धोक्यात येते, आणि पंख्याची तार सरळ उपटून टाकणे हा तर चिपशी खेळ आहे. चांगल्या कंपनीचा ४० मिलिमीटरचा पंखा आणून बदलावा म्हटले, तर बोर्डावरच्या पंख्याचा साचा, स्क्रूंची जागा आणि कनेक्टर तिसरेच निघतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून नागपूरपर्यंत तो सुटा मागितला की दुकानदार मान हलवतो. वीस-तीस हजारांचा बोर्ड तीस-चाळीस रुपयांच्या बुशपायी अडतो.

हे सगळे उपाय खरेदीनंतरचे आहेत. खरेदीपूर्वीचा उपाय एकच, तो म्हणजे माहिती. ती आज गिऱ्हाईक परदेशी समीक्षकांच्या चाचण्यांतून गोळा करते. त्या चाचण्या कुणाच्या तरी २२ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात, त्यांत मोजमाप कधी अर्ध्या मीटरवरून तर कधी एका मीटरवरून घेतलेले असते, आणि मोजणारा एका अंकावरून दुसऱ्या अंकाची तुलना होऊ नये याची जणू काळजी घेत असतो. पंख्यांच्या डब्यावरच्या डेसिबलचीही तीच गत. कोणत्या अंतरावरून, कोणत्या पद्धतीने, हे लिहिलेले नसेल तर १८ डेसिबल आणि २५ डेसिबल या दोन आकड्यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

इथेच आपली गरज आहे, महोदय. मोजायची पद्धत नव्याने शोधायची नाही. संगणक आणि तत्सम उपकरणांचा आवाज कसा मोजावा हे सांगणारे आयएसओ ७७७९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि मोजलेला आकडा कसा जाहीर करावा यासाठी आयएसओ ९२९६. त्यांत अंतरावर अवलंबून नसणारी ध्वनिशक्ती मोजतात, त्यामुळे दोन वस्तूंची न्याय्य तुलना होते. वेगळा ओळखू येणारा एकच सूर आहे का, हे तपासायची पद्धतही त्यात आहे. छोट्या पंख्याचे दुखणे नेमके तेच. जर्मनीत १९७८ पासून चालत आलेले 'ब्लू एंजल' हे चिन्ह आणि स्वीडनच्या कर्मचारी संघटनेने १९९२ मध्ये सुरू केलेले टीसीओ प्रमाणपत्र, दोन्ही संगणकाच्या आवाजाचा विचार करतात. मात्र ते तयार, जोडलेल्या संगणकाचा करतात. सुट्या भागांपर्यंत ते पोचत नाहीत. भारतात सुटे भाग घेऊन जवळच्या दुकानातून संगणक जोडून घेणाऱ्यांचा वर्ग फार मोठा आहे. तेव्हा ही उणीव भरण्याचे कारणही आपल्याकडेच अधिक आहे.

माझी मागणी मुद्देसूद मांडतो.

१. मदरबोर्डवर पंखा असेल तर डब्यावर तसे स्पष्ट लिहावे : किती, कोणत्या आकाराचे, कोणत्या भागावर.

२. पंख्याची ध्वनिशक्ती पूर्ण वेगाला आणि हलक्या कामाच्या वेगाला, अशी दोनदा मोजून छापावी. वेगळा उठून दिसणारा सूर असेल तर तीही नोंद असावी.

३. हलक्या कामाचा आकडा भोवताली २५ अंश असताना आणि ४० अंश असताना, असा दोन्ही वेळचा द्यावा. ४० अंशांचा आकडा युरोपला नको असेल. आम्हाला हवा आहे.

४. पंखा कोणत्या तापमानाला सुरू होतो आणि तो उंबरठा गिऱ्हाइकाला बदलता येतो का, हे सांगावे.

५. पंखा सुटा मिळेल की नाही, त्याचा भाग-क्रमांक काय आणि तो बदलल्याने वॉरंटी जाते का, हे लिहावे.

यातले काहीही महागडे नाही. आयात झालेल्या प्रत्येक मदरबोर्डच्या डब्यावर वैध मापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांप्रमाणे आयातदाराचे नाव, कमाल किंमत, आयातीचा महिना यांची चिकटपट्टी आधीच असते. ते नियम आपल्याच मंत्रालयाचे. २०२२ मध्ये त्याच मंत्रालयाने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले. पाचवी मागणी त्या धोरणाचेच एक पान आहे. आणि लॅपटॉपपासून प्रिंटरपर्यंतच्या वस्तूंची सुरक्षिततेसाठी आपल्याकडे सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशाने सुरू झालेलीच आहे. अशी वस्तू चाचणीच्या प्रयोगशाळेत येतेच, तिथे विजेचा धक्का बसतो का हे पाहतात. आवाजाची खोली त्याच इमारतीत असू शकते.

आक्षेप निघतील, ते मला दिसतात. पहिला : आवाज कॅबिनेटवर, टेबलावर, खोलीवर अवलंबून असतो, नुसत्या बोर्डाचा आकडा काय कामाचा? आक्षेप खरा आहे, पण तो कॅबिनेटच्या पंख्यालाही लागू पडतो, आणि तिथे आकडा छापणे कुणाला अवघड गेलेले नाही. गाडीचे मायलेजही रस्त्यावर अवलंबून असते. एकाच पद्धतीने काढलेला आकडा घरातला आवाज सांगत नसेल, तरी दोन बोर्डांत कमी गोंगाटाचा कोणता हे नक्की सांगतो.

दुसरा : ही मूठभर हौशी लोकांची तक्रार आहे. इथे मी सहमत नाही. एकाच खोलीच्या घरात रात्री एक जण संगणकावर काम करतो आणि चार जण झोपतात. दृष्टिहीन माणूस संगणक ऐकून वापरतो. स्क्रीन रीडरचा वेगवान आवाज आणि पंख्याची भुणभुण एकाच कानावर पडतात. शाळेच्या संगणक कक्षात ३० संगणक असतील तर एकाच्या आवाजात जवळजवळ १५ डेसिबलची भर पडते, आणि शिक्षकाला तेवढे ओरडून बोलावे लागते. यातल्या कुणीही सीताबर्डीत जाऊन "फॅनचा आवाज किती?" असे विचारणार नाही. म्हणूनच तो लिहिलेला असावा.

तिसरा आक्षेप निर्मात्यांचा असेल : भारतासाठी वेगळा डबा कोण काढणार? वेगळा डबा नकोच. पाच ओळी चिकटपट्टीवर मावतात. आणि एकदा मोजलेला आकडा एका देशात छापला की दुसऱ्या देशांतले ग्राहकही तो मागू लागतात. फ्रिजवरच्या ताऱ्यांनी आपल्याकडे काय झाले ते आपण पाहिले आहे. कायद्याने कुणाला कमी ताऱ्यांचा फ्रिज विकत घेण्यापासून अडवले नाही, पण गिऱ्हाईक दुकानात तारे मोजू लागले आणि निर्मात्यांना त्या ताऱ्यांसाठी यंत्रे सुधारावी लागली.

आपल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान विभागाच्या समितीपुढे हा विषय ठेवावा, अशी विनंती आहे. मानकाचा मसुदा आपण जनतेच्या अभिप्रायासाठी खुला करता. या विषयाचा मसुदा निघाला तर नागपूरच्या उन्हाळ्यातली मोजमापे पाठवायला मी तयार आहे; ध्वनिमुद्रण करणारे, संगणक जोडून देणारे दुकानदार आणि स्क्रीन रीडर वापरणारे वाचकही आपापली पाठवतील. समिती अनुकूल नसेल तर तिने नकाराची कारणे जाहीर करावीत, म्हणजे पुढचे पत्र कोणत्या मंत्रालयाला लिहायचे ते आम्हाला ठरवता येईल.

कळावे,

आपला,
एक ग्राहक
नागपूर